गिलाव्याची गोष्ट : बीबी का मकबऱ्यापासून आपल्या पश्चिमेच्या भिंतीपर्यंत

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, म्हणजे तिच्या भिंतींनाही पंचवीस वर्षं झाली. त्यांच्याकडे आपण एरवी बघत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र बघावं लागलं. पश्चिमेच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावरून हातभर रुंदीचा गिलावा सुटला आणि खाली पार्किंगमध्ये पडला. एका स्कूटरच्या सीटवर निभावलं. त्याच जागी संध्याकाळी आपली नातवंडं क्रिकेट खेळतात, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून समितीपुढे तीन पर्याय आहेत. एक, सगळा जुना गिलावा काढून नवा सिमेंटचा करायचा. दोन, पिशवीत तयार मिळणारा गिलावा किंवा टेक्स्चर लावायचं. तीन, डागडुजी करून वरून वॉटरप्रूफ रंगाचा जाड कोट मारायचा. येत्या सर्वसाधारण सभेत यावर निर्णय घ्यायचा आहे. स्मरणिका समितीने मला "इतिहासावर काहीतरी लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी याच विषयाचा इतिहास लिहायचं ठरवलं. नोकरीत असताना गृहकर्जाच्या फायलींच्या निमित्तानं पायापासून गिलाव्यापर्यंत शेकडो घरं पाहिली. शिवाय आपण ज्या गावात राहतो, तिथे बाहेरच्या भिंतीला काय लावावं याचे दीड हजार वर्षांतले नमुने तासा-दोन तासांच्या अंतरावर उभे आहेत.

बँकेत कर्जाच्या अर्जाला आम्ही ठरलेले प्रश्न विचारत असू. गिलाव्यालाही तीन प्रश्न विचारावेत असं माझं मत आहे. ही भिंत कशाची आहे? आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून जाणार? आणि दहा वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? हे तीन प्रश्न मनात ठेवून पुढचं वाचावं.

माती

सगळ्यात जुना गिलावा मातीचा. अजिंठ्याची चित्रं आपण दगडावर काढलेली समजतो. प्रत्यक्षात ती गिलाव्यावर आहेत. लेण्याचा दगड छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवला, त्यावर भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेल्या मातीचे थर दिले, वरून चुन्याचा पातळ हात फिरवला आणि मग रंग भरले. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. पुरातत्त्व खात्याच्या एका शास्त्रज्ञाने आणि आपल्याच विद्यापीठातल्या एका वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकाने केलेला हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. माती वाळताना आकसते आणि तडकते. तंतू तिला धरून ठेवतात.

वेरूळच्या कैलास लेण्यावरही एकेकाळी पांढरा गिलावा होता. त्याचे तुकडे आजही कोपऱ्याकोपऱ्यात दिसतात. या लेण्याला जुने लोक 'रंगमहाल' म्हणत, ते यामुळेच. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा गाईडला विचारा, तो दाखवील.

आपल्यापैकी जे मराठवाड्यातल्या खेड्यातून आले त्यांना हा गिलावा पुस्तकातून शिकायची गरज नाही. माळवदाच्या घराची भिंत पांढरीच्या मातीची, तिला लिंपणही त्याच मातीचं. माती, शेण, भुसा. भिंत आणि लिंपण एकाच जातीचं असल्यामुळे दोघं एकत्र फुगत, एकत्र आकसत. पावसाने दरवर्षी थोडं धुऊन जाई आणि पावसाळा संपला की घरातल्या बायका पुन्हा लिंपून काढत. माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं इथे सरळ मिळतात. भिंत मातीची, पाणी जसं आलं तसं वाळून गेलं, दुरुस्ती घरच्या घरी. अडचण एकच, ती दरवर्षी करावी लागते.

चुना

आता मकबऱ्याकडे येऊ. छावणीतून तो फार लांब नाही, पण रोज दिसणाऱ्या वस्तूकडे नीट बघणं होत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकात बांधली. दरवाजावरच्या लेखात शिल्पकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत. खालचा पट्टा संगमरवराचा, घुमट संगमरवराचा, पण मधली भिंत आपल्या इथल्याच काळ्या दगडाची आहे. तिच्यावर चुन्याचा बारीक गिलावा घोटून घोटून असा गुळगुळीत केला की लांबून सगळाच संगमरवर वाटावा. वेलबुट्टीही त्याच चुन्यातली.

कारण अर्थातच पैसा. बादशहाने सात लाख रुपये मंजूर केले होते असं सांगतात. गुलाम मुस्तफा यांच्या 'तवारीखनामा'मध्ये खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा आहे. म्हणजे मंजुरीतले ३१,७९६ रुपये ९ आणे शिल्लक राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मंजूर रकमेच्या आत पुरं झालेलं बांधकाम माझ्या तरी पाहण्यात फारसं आलं नाही. लोक ताजमहालाशी तुलना करून मकबऱ्याला नाक मुरडतात. मला मात्र तो काटकसरीच्या कामाचा उत्तम नमुना वाटतो.

हा चुना म्हणजे काय, तेही सांगतो. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याच्यावर पाणी टाकलं की तो रटरटून फुटतो. मग तो मुरवायचा, वाळू घालून घाणीत दळायचा. बैल गोल फिरताहेत आणि दगडी चाक खाचेतून चुना दळतं आहे, हे दृश्य आपल्या पिढीतल्या काहींनी पाहिलं असेल. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी, तागाचे तंतू घालत. भिंतीवर लागल्यावर हा चुना हवेतला तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. याला महिने लागतात, जाड थराला वर्षंही. म्हणजे कारागीर दगड जाळून, मळून, भिंतीवर पसरून पुन्हा त्याचा दगड करत असे.

ही विद्या आपल्यापुरती नव्हती. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात गिलाव्याची रीत दिली आहे. चुना वापरायच्या कितीतरी आधी भिजवून मुरवा, वाळूचे तीन थर द्या, वर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर द्या. आपला मुकादम आणि तो रोमन माणूस समोरासमोर बसले असते तर भाषेवाचून काम अडलं नसतं.

चुन्याचा मोठा गुण म्हणजे तो मऊ असतो आणि वाफ अडवत नाही. भिंत थोडी हलली तर त्याला केसासारख्या चिरा जातात, त्यातल्या बारीक चिरा पावसाच्या पाण्यात विरघळलेल्या चुन्याने पुन्हा भरतातही. आत गेलेली ओल ऊन पडलं की निघून जाते. दोष असा की तो लावायला वेळ लागतो, जाणता हात लागतो आणि सतत लक्ष लागतं. मकबऱ्याचा गिलावाही काळवंडतो, त्याचे पोपडे निघतात. पुरातत्त्व खातं तो पुन्हा चुन्यानेच दुरुस्त करतं. साडेतीनशे वर्षं तो टिकला म्हणतो तेव्हा ही डागडुजी त्यात धरलेली असते.

छावणीचे बंगले

आपला परिसर खाम नदीच्या पलीकडे वसला तो लष्करामुळे. निजामाच्या राज्यातली ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट, इथे होती. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. त्या काळच्या बांधणीचे बंगले, चर्च, बराकी छावणीत आजही दिसतात. भिंती जाड, दगड किंवा वीट चुन्यात बांधलेली, वर चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी सफेदी.

सकाळी फिरायला जाताना एक गोष्ट बघा. या जुन्या घरांना खोल व्हरांडे आहेत, छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडते. पावसाला भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, ही पहिली तटबंदी होती. गिलावा ही दुसरी. आपल्याकडे पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, कोकणाच्या मानाने काहीच नाही. पण तो नैऋत्येकडून वाऱ्यासह झोडपतो आणि त्याच्या आधी चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाने भिंत महिनाभर तापलेली असते. आपली पश्चिमेची बाजूच आधी का खराब झाली, त्याचं उत्तर यात आहे. आपल्या इमारतीला तिकडे धड छज्जा नाही. जिथे आहे तिथे छज्जाच्या खालच्या कडेला पाणी गळून पडावं म्हणून कोरायची ती खाच नाही. त्यामुळे पाणी उलटं वळून भिंतीला लागतं.

या जुन्या घरांपैकी काहींवर मागाहून सिमेंटचा गिलावा चढवलेला दिसतो. चांगल्या हेतूनेच. पण चुन्याची भिंत आतून ओल सोडत असते आणि सिमेंटचा कडक थर तिला कोंडतो. मग खाली लोणा लागतो आणि काही वर्षांत तो थर ताटाएवढाल्या तुकड्यांनी सुटतो. भिंत मऊ आणि गिलावा कडक, हे जोडपं जमत नाही.

सिमेंट

इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली 'पोर्टलँड सिमेंट'चं पेटंट घेतलं. पोर्टलँड हा तिकडचा नावाजलेला इमारतीचा दगड, आपला माल तसा दिसतो म्हणून हे नाव. त्याच्या आधीपासूनच लंडनमध्ये विटांच्या घरांवर गिलावा करून तो घडीव दगड असल्याचं भासवायची टूम होती. तिकडे त्याला स्टक्को म्हणत. मकबऱ्याने संगमरवर भासवला, लंडनने दगड भासवला आणि आज आपल्यापुढे आलेल्या टेक्स्चरच्या कॅटलॉगमध्येही पहिल्या पानावर दगडाचंच चित्र आहे.

भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट निघू लागलं. निजामाच्या राज्यात फरशीसाठी प्रसिद्ध असलेल्या शहाबादला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कारखाना उभा राहिला. पण सामान्य माणसाच्या घरापर्यंत ते पोचायला फार वेळ लागला. मी बँकेत लागलो तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. कर्ज मंजूर झालेलं असे, विटा येऊन पडलेल्या असत आणि माणूस सिमेंटच्या पोत्यांसाठी हेलपाटे घालत असे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठलं, १९८९ मध्ये पूर्ण. त्यानंतर चुन्याच्या घाण्या शहरातून नाहीशा झाल्या आणि त्यांच्याबरोबर चुन्याचं काम जाणणारे गवंडीही.

सिमेंटचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. चुना महिनोन्‌महिने घेतो ते काम सिमेंट २८ दिवसांत करतं. कुठल्याही गावात मिळतं, करणारा गवंडी मिळतो. आपल्या इमारतीला बाहेरून जो आहे तो सँडफेस गिलावा. आधी बारा ते पंधरा मिलिमीटरचा एक थर, त्यावर सहा ते आठ मिलिमीटरचा वाळू दिसणारा दुसरा थर. वीट आणि काँक्रीटच्या भिंतीला तो योग्यच आहे.

मग बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे "सिमेंट जास्त टाका, मजबूत होईल" हा समज. सिमेंट जितकं जास्त तितका गिलावा आकसतो आणि तितक्या भेगा पडतात. दुसरं, पाणी मारणं. नवा गिलावा किमान सात दिवस ओला ठेवावा लागतो. आपल्याकडे पाण्याची चणचण कायमचीच, त्यात काम मे महिन्यात काढलं तर तो गिलावा पक्का होण्याआधीच वाळतो. तिसरं, काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत ऊन-पावसात वेगवेगळी हलतात. त्या सांध्यावर गिलाव्याच्या आत बारीक तारेची जाळी हवी. आपल्याकडे जिथे जिथे उभी सरळ भेग दिसते, तिथे बहुधा आत असा सांधा आहे. चौथं, वाळू. मातकट वाळूचा गिलावा कितीही सिमेंट घातलं तरी धरत नाही. नदीच्या वाळूऐवजी आता क्रशरची वाळू येते, तीही धुतलेली आणि चाळलेली हवी.

चुना आणि सिमेंट यांच्यामधली एक वाटही आहे, ती विसरली गेली. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. हे मिश्रण भारतीय मानकांतही आहे. सिमेंटमुळे लवकर धरतं, चुन्यामुळे मऊ राहतं आणि भेगा कमी पडतात. सिमेंटची टंचाई होती त्या काळात नाइलाजाने चुना मिसळलेली घरं मी पाहिली. त्यांतल्या कित्येकांचा बाहेरचा गिलावा नंतरच्या निव्वळ सिमेंटवाल्यांपेक्षा चांगला राहिला.

पिशवीतला गिलावा आणि रंगाचा कोट

तयार गिलावा म्हणजे कारखान्यात मोजून मिसळलेलं सिमेंट, चाळलेली वाळू आणि थोडी रसायनं. फक्त पाणी घालायचं. प्रमाण चुकत नाही, वाळूची भानगड नाही, भाव जास्त. त्यातला जिप्समचा प्रकार मात्र फक्त घराच्या आतला. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, म्हणून बाहेर त्याचं काम नाही.

टेक्स्चर आणि लवचिक वॉटरप्रूफ रंग हे ॲक्रिलिकचे. बारीक भेगांवरून ते रबरासारखे ताणले जातात आणि पावसाचं पाणी बाहेरच अडवतात. चांगल्या, कोरड्या, घट्ट गिलाव्यावर ते उत्तम काम देतात. पण पाणी नेहमी बाहेरूनच येतं असं नाही. गच्चीतून, बाथरूमच्या सांध्यातून, डक्टमधल्या फुटक्या पाइपातून ते आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. त्याला बाहेर जायची वाट या कोटाने बंद केली की कोटाला फुगे येतात आणि खालचा गिलावा कुजत राहतो. बाहेरून मात्र इमारत नवीकोरी दिसते.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आपल्यातल्या अनेकांची मुलं तिकडे आहेत, त्यांना विचारा. तिकडे लाकडी सांगाड्याच्या घरांवर फोमचे तक्ते लावून वर ॲक्रिलिकचा पातळ गिलावा करायची पद्धत आली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन या किनाऱ्यावरच्या गावात १९९० च्या दशकात अशी घरं उघडून पाहिली, तर आतलं लाकूड सडलेलं. खिडक्यांच्या सांध्यांतून आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती. पुढे पाणी निचरायची वाट ठेवूनच हा गिलावा करायला लागले.

आता आपलं

तीन प्रश्न पुन्हा विचारतो. आपली भिंत विटांची आणि काँक्रीटची, म्हणजे मकबऱ्याचा चुना आपल्याला लागू नाही आणि सिमेंटला हरकत नाही. पाणी कुठून येतं हे आपण अजून शोधलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूमची ओल दिवाळीनंतरही वाळत नाही, म्हणजे ती नुसती पावसाची नसावी. आणि दहा वर्षांनी दुरुस्ती करायला सिमेंटचा गवंडी नक्की मिळेल, आज निवडलेल्या टेक्स्चरची तीच छटा मिळेल याची खात्री नाही.

म्हणून माझं मत असं. आधी परांची बांधून सगळी भिंत ठोकून पाहावी. जिथे पोकळ वाजेल तिथे खुणा कराव्यात. पाइप, गच्ची आणि छज्जे आधी दुरुस्त करावेत. पोकळ गिलावा काढून, सांध्यांवर जाळी देऊन, चुना मिसळलेल्या सिमेंटचा नवा गिलावा करावा. काम पावसाळा संपल्यावर, हवा थंड असताना काढावं. भिंत पुरती वाळल्यावर वाफ बाहेर सोडणारा साधा बाहेरचा रंग द्यावा. जाड कोटाच्या जाहिरातीत दहा वर्षांची हमी लिहिलेली असते. हमीपत्राच्या मागचा बारीक मजकूरही वाचावा. खालच्या गिलाव्याच्या दोषाला सहसा ती लागू नसते.

आता पैसा. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. व्याज सोडलं तर पंचवीस वर्षांत सिंकिंग फंड होतो सव्वासहा टक्के, तोही पंचवीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम खर्चाच्या. आजच्या मजुरीत त्याला कितीसं बळ राहणार? आईवडील दरवर्षी लिंपण आणि सफेदी करत, त्याचा हिशोब कोणी मांडला नाही, पण खर्च दरवर्षी होत होता. आपण पंचवीस वर्षांचा एकदम करायला निघालो आहोत, म्हणून तो डोंगराएवढा दिसतो. दुरुस्ती निधीची वर्गणी थोडी वाढवावी आणि दर पावसाळ्यानंतर भिंतीची पाहणी करावी, असा ठराव मी सभेत मांडणार आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं असं उपविधीतच आहे, तेही त्यात धरावं.

सभेला येण्यापूर्वी प्रत्येकाने एक काम करावं ही विनंती. आपल्या घरातल्या बाहेरच्या बाजूच्या भिंतींवरून हात फिरवून पाहा. कुठे ओल आहे, ती पावसाळ्यातच येते की बारा महिने असते, वरच्या घराचं बाथरूम त्या बाजूला आहे का, एवढं कागदावर लिहून सचिवांकडे द्या. ही माहिती हाती असेल तर सभेत मतं मोजण्याआधी आपल्याला भिंतीचं म्हणणं कळलेलं असेल.